काठीवरून वर चढणारा साप : एका कॅन्टोनी वाक्प्रचाराच्या गैरसमजाचा प्रकरण अभ्यास

मागच्या हिवाळ्यात एका रात्री साडेअकराच्या सुमारास हाँगकाँगमध्ये शिकणाऱ्या एका मराठी विद्यार्थ्याचा मला निरोप आला. "काकू, मला बहुतेक वसतिगृहातून काढतील. माझ्या सिनियरने सगळ्यांसमोर बोलून दाखवलं," एवढेच त्यात होते. मी लगेच फोन केला. अर्ध्या तासाच्या बोलण्यात कळले ते असे, की त्याला कोणी काढणार नव्हते आणि कोणी काही बोलून दाखवलेही नव्हते. जेवणाच्या टेबलावर त्याच्याबद्दल एक वाक्प्रचार उच्चारला गेला होता, त्यातली पहिली दोन अक्षरे त्याने ओळखली होती आणि उरलेला अर्थ त्याच्या मनातल्या धास्तीने भरून काढला होता. गेली सतरा वर्षे मी या शहरात राहते आणि येथील बाजारात, लिफ्टमध्ये, मुलांच्या शाळेच्या फाटकाशी उभे राहून जमेल तशी कॅन्टोनी शिकले आहे. तरीही हे प्रकरण उलगडताना मला स्वतःलाच त्या वाक्प्रचाराचा अर्थ नव्याने लावावा लागला. संबंधित दोघांच्या परवानगीने, नावे न देता, ते येथे मांडत आहे.

हकिकत

हा विद्यार्थी मूळचा सोलापूरचा. हाँगकाँगच्या एका विद्यापीठात तो समाजशास्त्रात पीएचडी करतो आणि सरकारी वसाहतींमध्ये राहणाऱ्या वृद्धांच्या दिनक्रमावर त्याचे काम चालले आहे. असे काम चिनी प्रश्नावलीशिवाय होत नाही, कारण २०२१ च्या जनगणनेनुसार येथील पाच वर्षे व त्यापुढील वयाच्या ८८.२ टक्के लोकांची नेहमीची बोलण्याची भाषा कॅन्टोनी आहे आणि वसाहतीतल्या सत्तरी ओलांडलेल्या आजींशी इंग्रजीत बोलता येईल, अशी आशा कोणी धरत नाही. त्याच्याच मार्गदर्शकांकडे, त्याच्यापेक्षा दोन वर्षे पुढे असलेली एक स्थानिक विद्यार्थिनी आहे. तिला सगळे 'सी-चे' म्हणतात. हा शब्द आपल्या 'गुरुभगिनी'शी जवळजवळ तंतोतंत जुळतो. त्यात थोरलेपणाचा मान आहे आणि थोरल्या बहिणीकडून असावी तशी थोडी अपेक्षाही आहे.

एका दुपारी चौघे जण विद्यापीठाजवळच्या छा छान तेंगमध्ये, म्हणजे दूध घातलेला कडक चहा आणि झटपट जेवण देणाऱ्या येथील साध्या उपाहारगृहात, बसले होते. बोलणे इंग्रजीत चालले होते. सी-चे त्याला म्हणाली, "प्रश्नावलीचा चिनी अनुवाद झाला की मला दाखव, मी एकदा नजर घालते." त्याने तत्काळ विचारले, "मग अनुवादच तुम्ही करून द्याल का?" ती हसली. तिच्या हसण्याला होकार समजून तो पुढे म्हणाला, "आणि पहिल्या दोन मुलाखतींना तुम्ही बरोबर आलात तर फार बरं होईल." ती काही बोलायच्या आत त्याने तिसरी गोष्ट मागितली. "सरांना मुदत दोन आठवडे वाढवून द्यायला तुम्हीच सांगाल का? तुमचं ते ऐकतात."

यावर तिने चॉपस्टिक्स बशीच्या काठावर ठेवल्या, समोर बसलेल्या मित्राकडे पाहिले आणि हसत हसत कॅन्टोनीत म्हणाली, "नेय चान हाय सिक तक ता से त्सॉय क्वन सॉंग वो!" उरलेले दोघेही हसले. विद्यार्थ्याच्या कानात शिरले ते फक्त 'ता से'. त्याचा चेहरा उतरला, पण गडबडीत ते कोणाच्या लक्षात आले नाही.

त्या दोन अक्षरांनी तो एवढा का हादरला, हे कळायला येथील वसतिगृहांची बोली माहीत असावी लागते. 'से' म्हणजे साप. नोंद न करता बाहेरच्या माणसाला खोलीत झोपू देणे, याला येथील विद्यार्थी 'वत से' म्हणतात, म्हणजे साप वेटोळे करून दडवणे. अशा दडवलेल्या पाहुण्यांना पकडण्यासाठी रात्री होणाऱ्या तपासणीला 'ता से', म्हणजे साप मारणे, म्हणतात. ही भाषा वसतिगृहात उगवलेली नाही. चीनच्या मुख्य भूमीवरून बोटींच्या तळाशी, अंग मुडपून, लपून येणाऱ्या माणसांना येथे 'माणूस-साप' म्हणत आणि त्यांना आणणाऱ्या दलालाला 'सापाचे डोके'. १९७४ ते १९८० या काळात तर असा नियमच होता, की सीमेवर पकडला गेलेला माणूस परत पाठवला जाई, पण शहरी भागापर्यंत पोचलेल्याला राहू दिले जाई. त्यामुळे लपणे आणि पोचणे यांच्यावर कितीतरी कुटुंबांचे भवितव्य ठरले. तोच शब्द पुढे वसतिगृहातल्या चटईवर झोपणाऱ्या मित्रापर्यंत उतरला.

आणि या विद्यार्थ्याच्या खोलीत, त्या जेवणाच्या आठ दिवस आधी, पुण्याहून फिरायला आलेला एक मित्र एक रात्र चटईवर झोपला होता. नोंद केलेली नव्हती.

त्यानंतरचे दहा दिवस त्याने सी-चेला टाळले. अनुवादाची विनंती ईमेल पाठवून मागे घेतली. शेवटी मनावरचे ओझे असह्य झाल्यावर त्याने तिला दोन पानी पत्र लिहिले, त्यात पाहुण्याची कबुली दिली आणि रेक्टरना सांगू नये अशी विनवणी केली. तिला त्यातले एक अक्षरही उमगले नाही. तिने एका ओळीचे उत्तर पाठवले, "कोणता साप?" हा प्रश्न त्याला धमकीसारखा वाटला आणि त्याच रात्री त्याने मला निरोप पाठवला.

ऐकण्यातली चूक

पहिली चूक कानाची आहे आणि तीबद्दल मी त्याला दोष देत नाही. कॅन्टोनीत 'ता से'ने सुरू होणाऱ्या किमान तीन गोष्टी रोजच्या बोलण्यात येतात. एक, वर सांगितलेली वसतिगृहातली तपासणी. दुसरी 'ता से पेंग', म्हणजे सापाची चकती. दुकानासमोर किंवा बसथांब्यावर वेटोळी घेत गेलेल्या लांब रांगेला हा शब्द वापरतात. तिसरी हा आपला वाक्प्रचार. पहिल्या दोन अक्षरांवरून अर्थ ठरवणे म्हणजे मराठी शिकणाऱ्याने 'डोळे' एवढेच ऐकून पुढे 'आले' आहे, 'मारले' आहे की 'मिटले' आहे, हे ठरवण्यासारखे आहे.

त्यातच 'ता' या क्रियापदाचा पसारा फार मोठा आहे. त्याचा मूळ अर्थ मारणे, पण कॅन्टोनीत फोन 'मारतात', नोकरी 'मारतात', माजाँग या सोंगट्यांच्या खेळाचा डाव 'मारतात' आणि वादळ आले तरी वारा 'मारतो'. आपण फोन मारतो, गप्पा मारतो, चक्कर मारतो, शिट्टी मारतो आणि यातल्या कशातही कोणाला इजा होत नाही. मराठी माणसाला हे समजायला खरे तर सोपे जावे. परंतु परक्या भाषेत आपण शब्दाचा पहिला, कोशातला अर्थ घट्ट धरून बसतो आणि स्वतःच्या भाषेत सहज दिलेली सवलत तिला देत नाही.

सापाचेही तसेच. या शहरात साप म्हणजे केवळ शत्रू किंवा दगाबाज नव्हे. शरद ऋतूत वारे सुटले की साप पुष्ट होतात, अशी येथील जुनी म्हण आहे आणि शाम शुई पो भागातल्या सापाचे सूप विकणाऱ्या दुकानांच्या पाट्यांवर 'से वोंग', म्हणजे सर्पराज, असे लिहिलेले दिसते. हाच 'से वोंग' कचेरीत कामचुकार माणसाला म्हणतात, आणि असे कामचुकार जिथे चहाला जाऊन बसतात, त्या जागेला सापाचे बीळ म्हणतात. तेव्हा 'साप' हा शब्द कानी पडला म्हणून आपल्यावर विषारीपणाचा आरोप झाला, असे मानायला येथे आधार नाही.

कोशाने वाढवलेला गुंता

फोनवर मी त्याला सांगितले, की हा वाक्प्रचार आहे, वसतिगृहाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. त्याला क्षणभर हायसे वाटले. नंतर त्याने जेवणाला असलेल्या मित्राकडून ती पाच अक्षरे लिहून घेतली आणि भाषांतराच्या ॲपमध्ये टाकली. ॲपने शब्दाला शब्द ठेवून दिला : साप मारा, काठीमागून वर. त्यातून काही बोध होईना, म्हणून त्याने एक इंग्रजी कोश पाहिला. तिथे 'संधिसाधूपणा करणे' अशा आशयाचा अर्थ दिलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा पुन्हा फोन आला. आता आवाजात भीती नव्हती, पण दुखावलेपण होते. "काकू, म्हणजे ती मला संधिसाधू म्हणाली. चार लोकांत. यापेक्षा वसतिगृहाचं परवडलं असतं."

या प्रकरणातली खरी अडचण इथे आहे आणि ती त्याच्या कानापेक्षा, सी-चेच्या जिभेपेक्षा कोशातल्या त्या एका शब्दाने जास्त वाढवली, असे माझे मत आहे. मराठीत 'संधिसाधू' हे माणसाचे विशेषण आहे. ते एकदा चिकटले की निघत नाही. राजकारणातल्या पक्षबदलूला, भावांच्या वाटणीत गप्प राहून शेवटी मोठा हिस्सा घेणाऱ्याला, पडत्या काळात मित्राची जमीन स्वस्तात लिहून घेणाऱ्याला आपण संधिसाधू म्हणतो. त्या शब्दात माणसाच्या स्वभावावर निकाल असतो. कॅन्टोनी वाक्प्रचार मात्र स्वभावाबद्दल काही सांगत नाही. तो एका हालचालीबद्दल सांगतो. आत्ता, या टेबलावर, या तीन वाक्यांमध्ये काय घडले, एवढेच तो दाखवतो.

वाक्प्रचाराची घडण

युतपिंग या रोमन लेखनपद्धतीत, जी हाँगकाँगच्या भाषाशास्त्र संस्थेने १९९३ मध्ये तयार केली, कॅन्टोनीचे सहा सूर, म्हणजे अर्थ बदलणारे आवाजाचे चढउतार, आकड्यांनी दाखवतात. त्या हिशेबाने आपल्या वाक्प्रचारातल्या पाच अक्षरांचे सूर अनुक्रमे दोन, चार, चार, तीन आणि पाच असे आहेत. ता म्हणजे मारणे, से म्हणजे साप, त्सॉय म्हणजे अनुसरून किंवा धरून, क्वन म्हणजे काठी, आणि सॉंग म्हणजे वर चढणे. देवनागरीत हे उच्चार पुरते उतरत नाहीत, पण जवळपास जाता येते.

पाचव्या अक्षराच्या सुराकडे लक्ष द्यायला हवे. हेच चिनी अक्षर सहाव्या, सपाट सुरात उच्चारले तर 'वरचा, वरती' असा स्थितीदर्शक अर्थ होतो; पाचव्या, खालून किंचित वर जाणाऱ्या सुरात उच्चारले की 'चढणे' हे क्रियापद होते. म्हणजे साप काठीवर पडलेला नाही, तो चढतो आहे. पाच अक्षरांपैकी सगळा जोर या शेवटच्या क्रियेवर आहे.

दुसरी गोष्ट कर्त्याची. पहिल्या दोन अक्षरांत मारणारा माणूस कर्ता आहे आणि पुढच्या तिनांत साप. मधे कर्ता बदलतो, पण बदलला हे सांगणारा एकही शब्द नाही. मराठीत हे सांगायचे तर 'सापाला मारायला जावे, तर तो काठीला धरूनच वर येतो' असे दोन उपवाक्यांत सांगावे लागेल. कॅन्टोनीत मात्र काठी उगारणारा हात आणि काठीवरून हाताकडे येणारा साप एकाच श्वासात सामावतात. ऐकणाऱ्याला वाटते की दोन्ही एकाच वेळी घडले. ॲपला हा अदृश्य सांधा दिसला नाही, म्हणून त्याचे भाषांतर निरर्थक निघाले.

हे चित्र कल्पनेतले नाही. लहानपणी कोकणात आजोळी, सरपणाच्या ढिगात निघालेली धामण शेजारच्या काकांनी बांबूच्या काठीवर उचलून बाहेर नेताना मी पाहिली आहे. दोन पावले ती दोरीसारखी लोंबकळत राहिली. मग तिने शेपटीचा एक वळसा काठीला घातला, मान उचलली आणि काकांच्या मुठीच्या दिशेने सरकू लागली. काकांनी हात बदलला, पुन्हा बदलला, आणि शेवटी काठी तिच्यासकट कुंपणापलीकडे टाकून दिली. काठी लांब होती म्हणून ते वाचले, असे आजी म्हणाली. धामण बिनविषारी, पण त्या वेळी कोणाच्या मनात ते आले नाही. कॅन्टोनी वाक्प्रचार पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मला त्या धामणीची मानच आठवली. साप काठी शोधत आला नव्हता. काठी त्याच्याकडे गेली होती, आणि मिळालेल्या आधाराचा त्याने रस्ता केला.

या वाक्प्रचारात काठी धरणाऱ्याचाही वाटा आहे, आणि कोणत्याही कोशातल्या अर्थापेक्षा हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. 'एकदा नजर घालते' हे सी-चेचे वाक्य ही काठी होती. तिने ती स्वतः पुढे केली. म्हणून हे उद्गार काढताना ती एका अर्थी म्हणत होती, की मी वाट दिली आणि तू तीवरून किती लवकर वर आलास.

दोषाची मात्रा कशी ठरते

मग हा उद्गार कौतुकाचा की तक्रारीचा? दोन्ही होऊ शकतो, आणि कोणता आहे हे वाक्प्रचाराच्या पाच अक्षरांबाहेर पाहून ठरवावे लागते.

सी-चेच्या पूर्ण वाक्यात वाक्प्रचाराआधी 'सिक तक' आहे, म्हणजे 'जमते, येते, माहीत आहे'. 'तुला अगदी बरोबर जमतं हो' अशी ती सुरुवात आहे, आणि तीमुळे अर्धे पारडे कौतुकाकडे झुकते. शेवटी 'वो' आहे. कॅन्टोनीत वाक्याच्या टोकाला असे छोटे शब्द लागतात आणि बोलणाऱ्याचा भाव तेच सांगतात. हा 'वो', तिसऱ्या सुरातला, 'अरे, हे माझ्या आत्ता लक्षात आलं' असा किंचित आश्चर्याचा भाव आणतो. विद्यार्थ्याला तो 'वो' चांगला आठवत होता, कारण सोलापुरात 'काय वो?' रोजचेच. दोन्हींचा एकमेकांशी नात्याचा संबंध नाही. पण तेवढे एक अक्षर त्याला घरचे वाटले होते, असे तो म्हणाला, तेव्हा मला फार बरे वाटले. हाच वाक्प्रचार कोणी 'सिक तक' आणि 'वो' गाळून, पाठीमागे, हसू न आणता उच्चारला असता, तर तो नुसता ठपका ठरला असता.

दुसरे, मागणी आणि दिलेली वाट यांच्यातले अंतर पाहावे लागते. तिने अनुवाद तपासण्याची तयारी दाखवली होती. त्यावरून 'तुम्हीच करून द्या' म्हणणे ही काठीवरची पहिली वीत. मुलाखतींना बरोबर येण्याची विनंती ही दुसरी. ती त्याच कामातली होती, जरा जास्त असली तरी वेगळी नव्हती. मुदतवाढीसाठी मार्गदर्शकांकडे शब्द टाकायला सांगणे मात्र त्या काठीवरचे नव्हतेच. तिथे साप काठी संपवून मनगटापर्यंत आला होता. सी-चेशी मी नंतर बोलले तेव्हा तिने हे मोकळेपणाने सांगितले. पहिल्या दोन मागण्यांनी तिला हसू आले. तिसरीने थोडे टोचले, कारण मार्गदर्शकांकडे स्वतःच्या कामासाठीही ती कधी मुदत मागत नाही. "नाही म्हटलं असतं तर त्याला सगळ्यांसमोर अवघड झालं असतं," ती म्हणाली, "म्हणून हसून म्हटलं."

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा आठवले आहे. मी त्याला पहिल्या रात्री सांगितले होते, की ती गंमत करत होती, मनावर घेऊ नकोस. ते माझेही अर्धवट समजणे होते. या समाजात एखाद्याला चारचौघांत तोंडावर नकार देणे म्हणजे त्याची 'मिन', म्हणजे चेहऱ्याची प्रतिष्ठा, कमी करणे. हा वाक्प्रचार नकार न देता हद्द दाखवतो. ऐकणाऱ्याने हसावे, 'खरंच, जरा जास्तच मागितलं' असे काहीतरी म्हणावे आणि शेवटची मागणी आपणहून मागे घ्यावी, अशी येथील रीत आहे. थोडा चांगुलपणा पदरात पडला की हात मागे घ्यावा, अशी एक कॅन्टोनी म्हणही आहे, आणि मला ती या वाक्प्रचाराचे उत्तर वाटते. आमच्या विद्यार्थ्याने घाबरून तिन्ही मागण्या मागे घेतल्या आणि बोलणेही बंद केले. सी-चेला त्यामुळे वाटले, की आपण फार कठोर बोललो. ती दहा दिवस स्वतःला दोष देत होती.

शेजारचे वाक्प्रचार

कॅन्टोनीत संधी साधण्यावर शब्दांची चणचण नाही, आणि त्यांतला नेमका हाच का निवडला गेला, हे पाहिले की अर्थ स्वच्छ होतो. वारा आहे तोवर शीड पुरते ताणणे, असा एक वाक्प्रचार आहे. तो सत्ता किंवा नशीब अनुकूल असताना इतरांची पर्वा न करणाऱ्यासाठी वापरतात. उंच दिसला की नमस्कार, बुटका दिसला की पायाखाली तुडवणे, असा दुसरा. तो खुशामतखोराला लागू होतो. मेलेली कोंबडी उचलणे म्हणजे दुसऱ्याच्या चुकीने आयते पदरात पडलेले घेणे. फुटबॉलमध्ये गोलरक्षकाच्या हातून सुटलेला चेंडू जाळ्यात ढकलणाऱ्याला हे हमखास म्हणतात. आणि सर्वांत कठोर, तो आजारी असताना त्याचा जीव घे. यांपैकी कुठेही समोरच्याने आपणहून पुढे केलेली काठी नाही. वारा निसर्गाचा, कोंबडी आधीच मेलेली, आजारी माणूस हतबल. म्हणून हे चारही सी-चेच्या तोंडी शोभले नसते.

मराठीत काय म्हणू

विद्यार्थ्याने मला शेवटी सरळ प्रश्न केला, की मग आपल्याकडे याला काय म्हणतात. मी त्यावर काही दिवस विचार केला.

सापाचा आणि काठीचा विषय निघाला की पहिल्यांदा 'साप साप म्हणून भुई धोपटणे' आठवते, आणि सापही मरावा व काठीही मोडू नये हा आपला धोरणी सल्ला. परंतु या दोन्हींमध्ये साप फक्त मार खाण्यासाठी आहे. तो स्वतः काही करत नाही. पहिली म्हण खरे तर या विद्यार्थ्याच्या दहा दिवसांना लागू पडते, हे त्यानेच मला ऐकवले. 'आयत्या बिळावर नागोबा' मध्ये साप संधी साधतो, पण दुसऱ्याच्या कष्टावर बसून, त्याच्या नकळत. 'वाहत्या गंगेत हात धुणे' यात देणारा कोणी नाही, गंगा सगळ्यांची. 'आपल्या पोळीवर तूप ओढणे' यात वाटा मारल्याचा आरोप आहे. 'भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी' ही घडणीने सर्वांत जवळची म्हण आहे, कारण ओसरी आधी दिली जाते आणि मग पाय पसरतात; पण तिच्यात जातीचा टोमणा आहे आणि आज चार लोकांत ती कोणी सहज उच्चारू नये, असे मला वाटते.

उरते ते 'बोट दिलं की मनगट धरणे'. यात काठीच्या जागी बोट आहे, देणारा आहे, घेणाऱ्याची वरवर सरकणारी पकड आहे, आणि बोट ते मनगट हे अंतर मोजता येते. दोन भाषांनी एकमेकींशिवाय एकच गोष्ट पाहिली आहे. एक फरक मात्र राहतो. मराठीत हे वाक्य बहुधा वैतागाने म्हटले जाते आणि ज्याच्याबद्दल बोलायचे, तो समोर नसताना. कॅन्टोनीत ते समोरासमोर, त्याच्या चपळाईला अर्धी दाद देऊन म्हणता येते. म्हणून भाषांतर करताना मी 'हो' जोडला असता : "बोट दिलं की मनगट धरायचं, हे तुला बरोबर जमतं हो!" या 'हो'मध्ये त्या 'वो'चे थोडे काम होते.

पुढे काय झाले

दुसऱ्या आठवड्यात तो सी-चेला भेटला. मुदतीची मागणी त्याने शब्दांत मागे घेतली आणि अनुवाद स्वतः करून आणला. पाहुण्याची गोष्ट त्याने आधीच वसतिगृहाच्या कार्यालयात जाऊन सांगितली होती. तिथे समज मिळाली आणि पुढच्या वेळेसाठी नोंदणीचा कागद हातात दिला गेला. सी-चेने प्रश्नावली वाचताना पहिल्याच ओळीत चूक काढली. त्याने पुस्तकी लेखी चिनीत प्रश्न लिहिले होते, जे वसाहतीतल्या आजींना मोठ्याने वाचून दाखवले तर सरकारी नोटिशीसारखे वाटले असते. तिने प्रत्येक प्रश्न बोलीत कसा विचारायचा, ते समासात लिहून दिले आणि म्हणाली, की अगदीच अडलं तर पहिल्या मुलाखतीला मी येईन.

"गुरुवारी दहाला?" त्याने विचारले, आणि विचारता विचारताच त्याला हसू फुटले. वाक्प्रचार या वेळी त्यानेच म्हटला, पाचही अक्षरे. शेवटचा सूर मात्र सपाट पडला. सी-चेने चॉपस्टिकचे टोक चहात बुडवले आणि टेबलाच्या काचेवर खालून वर जाणारी एक ओली रेघ ओढून दाखवली. त्याने ते अक्षर तिच्यामागून तीनदा म्हटले.